शरयूमावशींच्या नट्या

शरयूमावशी गाडी डावीकडे वळवत नसत. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये त्यांनी चाळीस वर्षं गाडी चालवली ती फक्त उजवीकडे वळत. समोरून गाड्या येत असताना त्यांच्या तोंडापुढून आडवं जायचं, हे त्यांच्या बुद्धीला कधी पटलं नाही. लायब्ररी त्यांच्या घरापासून डाव्या हाताला होती. तिथे जायला त्या तीनदा उजवीकडे वळत, वाटेत भाजी घेत आणि पोचत. “पोचते ना मी? मग झालं,” असं त्यांचं म्हणणं.

माझी त्यांची ओळख याच सवयीमुळे झाली. मी नागपूरची. शिकागोतल्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा मावशींच्या समोरच्या टाउनहाउसमध्ये भाड्यानं राहायला आले. पहिल्याच हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलत होते. समोरून जांभळा पार्का घातलेल्या एक बाई रस्ता ओलांडून आल्या. चांगल्या उंच, सावळ्या, वरचे दात जरा पुढे. वय सत्तरीच्या पुढे, पण चाल भराभर.

“तू मराठी ना? परवा फोनवर बोलताना ऐकलं तुला. नाव काय तुझं?”

“प्राची.”

“हायवेवर ड्राइव्ह करतेस, प्राची?”

“करते.”

“लेफ्ट टर्न घेतेस?”

मला वाटलं काहीतरी चाचणी चालू आहे. “घेते, मावशी.”

“मग पुढच्या शनिवारी मोकळी राहा. मी डबा आणीन.”

पुढच्या शनिवारी त्यांनी मला तासभर पश्चिमेला, मक्याच्या रिकाम्या शेतांमधून एका लहानशा गावी नेलं. तिथे फर्निचरच्या जुन्या गोदामात अँटिक मॉल होता. दीडशे गाळे, गाळ्यांमध्ये जुनी शिलाई मशिनं, बाहुल्या, दुधाच्या बाटल्या. मावशी कशाकडेही न बघता थेट मागच्या कोपऱ्यात गेल्या. तिथे बुटांची खोकी ओळीनं मांडलेली होती आणि खोक्यांमध्ये जुनी पोस्टकार्डं खच्चून भरलेली. त्यांनी घडीचं स्टूल उलगडलं, पर्समधून भिंग काढलं आणि पहिलं खोकं मांडीवर घेतलं. पुढचे तीन तास त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

मावशींना नाद होता नट्यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगभूमी गाजवलेल्या, सुंदर म्हणून नावाजलेल्या बायका. त्यांच्या फोटोंची पोस्टकार्डं तेव्हा दुकानादुकानांत मिळत. लोक ती एकमेकांना पाठवत, अल्बममध्ये लावत, खोलीच्या भिंतीवर टाचत. कमरेचा अगदी धागा झालेला, डोक्यावर पिसांच्या टोप्या, हातात गुलाब, नजर कुठेतरी लांब. काहींच्या दागिन्यांवर चमकी चिकटवलेली, गालांवर हातानं गुलाबी रंग दिलेला. मावशींच्या बेसमेंटमध्ये अशी हजारावर कार्डं होती. खऱ्या नावांपेक्षा त्या स्वतः ठेवलेली नावं वापरत. एक मफवाली, दोन्ही हात फरच्या मफमध्ये खुपसलेली, एक हंसवाली, एक रुसकी. एकीनं प्रत्येक फोटोत मान डावीकडेच वळवलेली होती, तिचं नाव शेजारीण. “सारखी कुंपणापलीकडे बघत असते बया.”

कार्डाच्या पुढच्या बाजूइतकीच त्यांना मागची बाजू आवडे. पाठवणाऱ्यांनी काय लिहिलंय ते त्या मला मराठीत वाचून दाखवत. “हे ऐक. ‘प्रिय फ्लो, हिचा गळा बघ. काल गाय व्याली, कालवड झाली. आईचा पाय बरा आहे.’ त्या बिचारीनं लंडनमध्ये दोन तास स्टुडिओत श्वास धरून फोटो काढला असेल. आणि इथे आयोवात तिच्या पाठीवर कालवड.”

मावशींनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली काचपट्ट्या बघितल्या होत्या. तीच नजर त्यांनी इकडे लावली. चेहऱ्याकडे त्या शेवटी बघत. आधी कान.

“चेहऱ्यावर फोटोग्राफर ब्रश फिरवायचे. कंबर खरवडायचे, हनुवटी उडवायचे. पण कानाकडे कुणाचं लक्ष नसायचं. कान असतो तसा राहतो.”

त्या अँटिक मॉलचा मालक एक गलेलठ्ठ, पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. एकदा त्यानं मावशींसमोर मोठ्या ऐटीत एक कार्ड ठेवलं. पाकिटावर एका फार प्रसिद्ध नटीचं नाव लिहिलेलं होतं. मावशींनी भिंग लावलं, अर्धा मिनिट बघितलं आणि कार्ड परत सरकवलं.

“ही ती नाही.”

“मॅम, मी पन्नास वर्षं या धंद्यात आहे,” म्हातारा म्हणाला.

“असाल. पण हिच्या कानाची पाळी सुटी आहे. तिची गालाला चिकटलेली होती.”

म्हाताऱ्यानं आत जाऊन त्या नटीची आणखी तीन कार्डं आणली. मावशींनी भिंग त्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्यानं पाकिटावरचं नाव खोडलं आणि ‘अननोन’ लिहिलं. त्या दिवसापासून तो मावशींना ‘डॉक्टर’ म्हणायला लागला.

मावशींनी ते कार्ड घेतलंच. गाडीत बसल्यावर मी विचारलं, “ती नाहीये ना पण? मग कशाला घेतलंत?”

“अगं, इतकी वर्षं तिला कुणाचं का होईना नाव होतं. माझ्यामुळे गेलं ते. आता तिला तिथे ठेवून कशी येऊ?”

बेसमेंटमध्ये एक अल्बम फक्त अशा अननोन बायकांचा होता. तो त्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवत.

प्रत्येक वेळी निघताना त्या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारत, “इंडियाचं काही?” तो दर वेळी ताजमहाल नाहीतर हत्ती काढून देई. मावशी दोन्ही बघत, थँक्यू म्हणत आणि परत ठेवत. मला वाटायचं, माहेरची ओढ असेल. खरं कारण मला तीन वर्षांनी कळलं, आणि तेही दोनशे लोकांबरोबर.

आमच्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक समितीत मला कुणीतरी घातलं होतं. संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलांचा डान्स आणि हळदीकुंकू यांच्यामध्ये दहा मिनिटं रिकामी होती. मी मावशींना म्हटलं, “तुमची कार्डं दाखवा ना. स्लाइड्स मी करते.” त्या आधी नाही म्हणाल्या. चार दिवसांनी फोन करून हो म्हणाल्या. “पण अकरावी स्लाइड कोरी ठेव. नुसती काळी.”

शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. बाहेर बर्फ, आत काळ्या साड्या आणि तिळगुळाचा वास. मावशींनी मफवाली दाखवली, हंसवाली दाखवली, कालवड वाचून दाखवली. लोक मनापासून हसत होते. मग अकराव्या स्लाइडला पडदा काळा झाला. कुणीतरी मागून म्हणालं, प्रोजेक्टर बंद पडला.

“बंद पडला नाहीये,” मावशी म्हणाल्या. “हा माझ्या आजीचा फोटो. वडिलांची आई. ती बायकांच्या नाटक कंपनीत होती. त्या कंपनीत पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करायच्या. पुरुषांनी बायकांची कामं केली त्याचं आपण अजून कौतुक करतो. या बायकांचं कुणी काही सांगत नाही. माझी आजी राजाचं काम करायची. मिशी लावून, तलवार घेऊन. फार देखणी होती म्हणतात. तिचे अकरा फोटो आमच्या घरी कुलूपबंद ट्रंकेत होते, मला कधी कुणी दाखवले नाहीत. माझं लग्न ठरायची वेळ आली, तेव्हा वडिलांनी ते न्हाणीघरातल्या बंबात घातले. मुलीची आजी नाटकात होती हे कळलं असतं तर स्थळं फिरली असती. लग्न चांगलं झालं. नवराही चांगला मिळाला. पण ते फोटो माझ्या लग्नासाठी जळले, हे काही मी विसरले नाही. म्हणून मी दुसऱ्यांच्या आज्या गोळा करते.”

एवढं बोलून त्या खाली येऊन बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “तिळगुळ कडक झालाय या वर्षी.”

टाळ्या जरा उशिरानं सुरू झाल्या, पण मग थांबेनात. मी रेकॉर्डिंग केलं होतं. मंडळाच्या पेजवर टाकू का, असं मी मावशींना विचारलं. “टाक,” त्या म्हणाल्या. “लपवायचं कुणासाठी आता?”

लपवायचं होतं ते सांगलीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मावशींचे मोठे भाऊ, दादा, वय चौऱ्याऐंशी, सांगलीत राहत. दर रविवारी सकाळी दहाला, तिकडच्या रात्रीच्या जेवणानंतर, त्यांचा व्हिडिओ कॉल येई. मंडळाचा तो व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर करत आठ दिवसांत सांगलीला पोचला. त्या रविवारी कॉल आला नाही. मावशींनी केला, तो उचलला गेला नाही. पुढच्या रविवारीही तेच.

मला फार अपराधी वाटलं. “मी काढून टाकते तो व्हिडिओ,” मी म्हटलं.

“मुळीच नाही. मी खोटं काय बोलले त्यात? चिडलाय तो. उतरेल राग.” त्या हसतच बोलल्या. पण रविवारी मी पोह्यांना जायची, तेव्हा साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेला फोन मला दिसायचा. दहा वाजून गेले, अकरा वाजले तरी त्या तो तिथून हलवत नसत. पाच रविवार असे गेले. चौऱ्याऐंशीच्या भावानं धरलेल्या अबोल्यात पाच आठवडे काढणं सोपं नसतं, हे त्या बोलल्या नाहीत, पण दिसत होतं. एकदा पोह्यांत मीठच नव्हतं. मी तसेच खाल्ले, त्यांनीही.

सहाव्या रविवारी दहाला पाच कमी असताना फोन वाजला. दादा फोन असा धरत की त्यांचं फक्त कपाळ दिसे आणि त्याच्यावर फिरणारा पंखा.

“चूक सांगितलंस तू,” कपाळ म्हणालं.

मावशी ताठ बसल्या. “काय चूक सांगितलं मी? होती की नाही आजी नाटकात?”

“होती. पण राजा कुणी सांगितला तुला? आजी राजा कधीच झाली नाही. ती सेनापती व्हायची. राजा व्हायची ती दुसरी, मिरजेची. दोनशे लोकांपुढे चुकीचं बोललीस.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“तुला कसं माहीत?” त्यांनी विचारलं.

“आजी गेली तेव्हा तू दोन वर्षांची. मी दहाचा होतो. घरात कुणी नसलं की करून दाखवायची मला. बाबांना सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. नाही सांगितलं मी. कुणालाच नाही.”

“दादा, मग तिचं सगळं सांग ना. दिसायची कशी? देखणी होती ना फार?”

“देखणी? कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? देखणी मिरजेची होती, म्हणून ती राजा. आजी उंच, काळीसावळी, दात पुढे. अगदी तुझ्यासारखी. मिशी लावली की दात झाकले जायचे, म्हणून तिला पुरुषाची कामं. पण सेनापती आला की थिएटर गप्प व्हायचं म्हणे. राजाकडे कुणी बघायचं नाही.”

मला वाटलं, मावशींना लागेल हे. सगळा जन्म ज्या आजीला त्यांनी त्या गुलाबवाल्या सुंदरींच्या ओळीत बसवलं होतं, ती तशी नव्हतीच. मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात.

“प्राची, ऐकलंस? आई गं. लहानपणी सगळे विचारायचे, हिनं हे दात कुणाचे घेतले. आईचे नाहीत, बाबांचे नाहीत. माहीत असून कुणी सांगितलं नाही बघ.”

“ती चालायची कशी ते दाखवतो,” दादा म्हणाले. फोन कशाला तरी टेकवायचा त्यांचा बेत असावा. तो आडवा पडला. आम्हाला छत दिसायला लागलं, आणि छताखाली कुठेतरी पावलं ऐकू येत होती. एक जड, एक हलकं, मध्ये थांबणं, मग एकदम तीन भरभर. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठी घेऊन देवळात जाणारा माणूस सांगलीतल्या घरात सेनापती होऊन चालत होता, आणि आम्ही दोघी पंख्याकडे बघत होतो.

ते धापा टाकत परत आले. “अशी.”

“दादा, काही दिसलं नाही रे. फोन पडला होता.”

“थांब, परत करतो.”

त्यांनी परत केलं. या वेळी गुडघ्यापासून खालचं दिसलं. तेवढं पुष्कळ होतं.

मग खुर्चीत बसून, पहिल्यांदाच पूर्ण चेहरा दाखवत दादा हळू आवाजात म्हणाले, “शरू, त्या दिवशी बंबाजवळ बाबा होते. पण ट्रंकेतून एकेक फोटो काढून मी देत होतो. त्यांचे हात थरथरत होते म्हणून. एखादा मागे ठेवता आला असता. सुचलंच नाही मला. तू व्हिडिओत बंब म्हणालीस ना, तेव्हा माझ्यानं पुढे ऐकवेना. म्हणून नाही केला फोन.”

“माहीत होतं मला,” मावशी म्हणाल्या. “दाराआडून बघत होते मी.”

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून.”

मी उठून चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा मावशी विचारत होत्या की सेनापतीची मिशी वर वळलेली होती की खाली, आणि दादा म्हणत होते की ते नाटकावर अवलंबून असे. तो कॉल दोन तास चालला. पुढच्या संक्रांतीला मंडळात मावशींनी पुन्हा दहा मिनिटं मागून घेतली, फक्त चूक दुरुस्त करायला. काळी स्लाइड तीच ठेवली. राजाचा सेनापती केला आणि ‘देखणी’ हा शब्द परत घेतला.

त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिन्याचं घर, बर्फ, एकटं राहणं. त्यांची मुलगी अनू दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते, ती आईला न्यायला आली. इथेच जन्मलेली, कामाला वाघ. बेसमेंट बघून तिनं कपाळाला हात लावला.

“आई, सीरियसली, दीज आर जस्ट डेड व्हाइट लेडीज. हू इज गोइंग टू कीप ऑल धिस?”

“तू फक्त पाठ वाच,” मावशी म्हणाल्या. “तोंड बघू नकोस.”

अनूनं उभ्या उभ्या एक कार्ड उलटं केलं. मग खाली बसली. दोन दिवसांत आवरून जायचं होतं, ती सहा दिवस राहिली. मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की ती बेसमेंटच्या गालिच्यावर पालथी पडून मोठ्यानं वाचत असे, “ओह नो, आई, पर्सी ब्रोक इट ऑफ,” आणि मावशी वरून विचारत, “मग त्या एडिथनं काय केलं?”

शेवटी प्रसिद्ध नट्या सगळ्या एका कॉलेजच्या नाट्यविभागाला गेल्या. “नावाजलेल्यांना घर मिळतंच,” मावशी म्हणाल्या. अननोनचा अल्बम त्यांनी बरोबर नेला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुढच्या एप्रिलमध्ये. आमच्या कंपनीचं ऑफिस बेलव्ह्यूलाही आहे. तीन दिवसांचं काम होतं, तिसऱ्या दुपारी जरा वेळ काढला. अनू म्हणाली, आई घरी नाहीये, शी हॅज रिहर्सल. मी पत्ता विचारून घेतला. ज्येष्ठांसाठीचं सेंटर होतं, झाडांमध्ये, बारीक पाऊस. हॉलच्या काचेच्या दाराबाहेर मावशी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर कागद, ओठ हलत होते. मला बघून त्यांना आनंद झाला, पण अर्धाच. अर्धं लक्ष आत होतं.

“विनोदी नाटक आहे. मी घरमालकीण. चार वाक्यं आहेत,” त्या म्हणाल्या. “अ‍ॅक्सेंट बदलू का विचारलं, तर डिरेक्टर म्हणाली मुळीच नको. तिसऱ्या वाक्याला हशा यायला हवा, तो येत नाहीये. मी घाई करते. थांबायला पाहिजे जरा.”

मी विचारलं, तब्येत कशी आहे, गुडघा कसा आहे, दादा काय म्हणतात. त्यांनी तिन्हीला मिळून “बरं” म्हटलं. आतून कुणीतरी दार उघडून त्यांचं नाव घेतलं, ‘शॅरू’ असं काहीतरी. त्या उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, कागद माझ्या हातात दिला.

“तू आता नीघ, प्राची. तुझी फ्लाइट चुकेल. माझी एन्ट्री आहे.”

दार त्यांच्या मागे बंद झालं. मी निघाले नाही. काचेतून आवाज येत नव्हता. आत घडीच्या खुर्च्यांवर दहा-बारा म्हातारी माणसं बसली होती. मावशी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवला आणि बोलल्या. पुन्हा बोलल्या. मग तिसऱ्या वेळी तोंड उघडलं, आणि काही न बोलता तशाच थांबल्या. सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी वाक्य टाकलं, आणि पहिल्या रांगेतले टक्कल पडलेले एक आजोबा हसता हसता खुर्चीच्या दांडीला धरून पुढे वाकले.